चौदा एप्रिलचा उपवास

आमच्या सद्भावना नगरातल्या लोकांची भक्ती फार दांडगी आहे. वर्षभर ती झाकलेली असते. वर्षभर ही मंडळी गेवराईच्या बायपासवरच्या ढाब्यावर शनिवारचीसुद्धा तंगडी सोडत नाहीत. पण चौदा एप्रिल उजाडतो, आमच्या स्वयंपाकघरातून जयंतीच्या खिरीचा वास सुटतो आणि अख्ख्या कॉलनीला एकदम उपवास लागतात. गेल्या वर्षी सोमवार होता, म्हणजे महादेवाची सोय झाली. त्याच्या आदल्या वर्षी रविवार आला, तेव्हा मला वाटलं, आता सापडले. तर सूर्यनारायणाचे उपवास निघाले. माझ्या माहितीत तरी त्यांनी सूर्याला एकदाच पाहिलेलं, तेही दुपारी बारा वाजता उठल्यावर.

मी आम्रपाली. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीदार आहे. लोकांच्या बांधांची भांडणं मिटवायला शेतात साखळी धरून उभी राहते. नवरा विलास पाटबंधारे खात्यात इंजिनीअर. आम्ही या कॉलनीत घर बांधलं तेव्हा बौद्धांचं घर आमचं एकटंच होतं, आजही एकटंच आहे. कुणी कधी वाकडा शब्द बोललं नाही. उलट इतकं गोड बोलतात की मधुमेह व्हायची भीती वाटते. दिवाळीत सगळ्यांचे डबे आमच्याकडं येतात, आणि भरून येतात. चकल्या, शेव, बेसनाचे लाडू. देताना हात सैल. आम्ही काही दिलं, की उपवास.

पलीकडच्या घरातली वनमाला मूळची तेलगावची. तिचा नवरा शिवशंकर, धंदा खडीचा आणि स्वप्न नगरसेवकपदाचं. ही वनमाला माझी मैत्रीण आहे, आणि हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही. मला डेंग्यू झाला तेव्हा विलास धरणावर अडकला होता. वनमालानं मला गाडीत घालून बीडला नेलं, दवाखान्यात दोन रात्री उशाशी बसून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. पाणी मात्र ती स्वतःच्या बाटलीतलं प्यायची. माझ्या माहेरून आलेला डबा तिनं उघडलासुद्धा नाही. मला वाटलं, बिचारी डेंग्यूला घाबरत असेल. तापात माणसाला काहीही वाटतं.

ते कोडं पुढं छबुबाईनं सोडवलं. छबुबाई आमच्या दोघींकडं धुणंभांडी करते. दसऱ्याला, म्हणजे आमच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, मी वनमालाकडं करंज्या दिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी छबुबाई भांडी घासता घासता म्हणाली, "ताई, करंज्या लई खुसखुशीत झालत्या तुमच्या. वनमालाताईंनी सगळा डबाच मला देऊन टाकला." आणि ती खुशीत हसली. करंज्या खाणाऱ्याच्या तोंडाला लागल्या याचं मला समाधान वाटायला हवं होतं. मला रडू आलं.

हे सगळं मला उशिरा कळलं. माझ्या सासूबाईंना पहिल्याच दिवशी कळलं होतं.

सासूबाईंचं नाव मनकर्णा. मी त्यांना आत्या म्हणते. मामंजी गेल्यावर आम्ही त्यांना नांदूरघाटहून इकडं आणलं. गुडघे गेलेले, छातीत अधूनमधून कळ येते, गावच्या घरात दुसरं कुणी नाही. इथं त्यांना स्वतंत्र खोली आहे, पंखा आहे, कमोड आहे. आणि बोलायला भिंत आहे. गेल्या जयंतीला त्यांनी स्वतः उभं राहून गव्हाची खीर केली होती, पातेलंभर. कॉलनीतले सगळे आले, बाबासाहेबांच्या फोटोला हार घातले, फोटो काढून घेतले आणि उपवास सांगून गेले. पातेलं जसंच्या तसं राहिलं. संध्याकाळी विलासनं ते गाडीत घालून भीमनगरात नेऊन वाटलं. आत्या नुसता रिकाम्या ओट्यावरून फडका फिरवत बसल्या.

या मार्चात त्यांनी एकदम जाहीर केलं, "जयंती झाली की मी नांदूरघाटला चालले. कायमची."

विलास म्हणाला, "माय, तिथं तुझ्याकडं बघायला कोण हाय?"

"हितं कोण बघतंय? जिथं आपल्या ताटाला कुनी हात लावत न्हाई, तिथं म्हातारपन काढायचं व्हय?"

"जाऊ दे ना, माय," विलास म्हणाला. हे त्याचं आवडतं वाक्य आहे. धरण फुटलं तरी तो जाऊ दे म्हणेल, आणि पाणी जाईलच.

मी मात्र पेटले. म्हटलं, "आत्या, असं काही नाही. लोक खरंच उपवास करतात. या वर्षी जेवतील, बघा तुम्ही."

आत्या मग म्हणाल्या, "बरं. ह्या जयंतीला ह्या कॉलनीतलं एक मानूस तुझ्या घरी जेवलं, तर मी मरेस्तोवर हितं राहीन. न्हाई जेवलं, तर तू सोता मला यष्टीत बसवून द्यायचं. रडायचं न्हाई."

मी हो म्हटलं. त्या गेल्या तर काय होईल ते मला दिसत होतं. एखाद्या पहाटे छातीत कळ येणार, आणि शेजारी कळायला दुपार होणार. मला त्यांना पाठवायचं नव्हतं. खरं सांगायचं तर मला वनमालानं माझ्या ताटात जेवायलाही हवं होतं, आणि या दोन्ही गोष्टी आता एकाच दिवसावर येऊन ठेपल्या होत्या.

या वर्षी चौदा एप्रिल मंगळवारी येत होता. एकादशी आदल्याच दिवशी, सोमवारी. मी आमंत्रणं द्यायला निघाले तेव्हाच उत्तरं तयार असणार हे मला ठाऊक होतं, पण इतकी ताजी असतील असं वाटलं नव्हतं.

"अय्या, मंगळवार ना गं!" वनमाला म्हणाली. "माझा गणपतीचा उपवास असतो."

"कधीपासून?"

"आत्ताच धरलाय," ती म्हणाली. त्यात खोटं काहीच नव्हतं. माझ्यादेखतच धरला होता.

शिवशंकररावांचा देवीचा मंगळवार निघाला. हे गृहस्थ माझ्या ऑफिसात मोजणीच्या तारखेसाठी येतात तेव्हा माझ्या टेबलावरचा चहा दोन-दोन कप पितात. तो सरकारी चहा असतो, त्याला जात नसते. कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या रोहिणी मॅडमनी तर कमाल केली. त्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवतात. त्यांनी सोमवारची एकादशीच ताणून मंगळवारपर्यंत आणली. "आमच्याकडं एकादशी दुसऱ्या दिवशी उशिरा सोडतात," म्हणाल्या. किती उशिरा ते सांगितलं नाही, पण जेवणाची वेळ टळेल इतपत नक्कीच.

परत येताना मला ती कल्पना सुचली. आणि इतकी आवडली की रस्त्यातच हसू आलं. उपवास आहे ना? मग उपवासाचंच करू. बघू या कोणता देव मध्ये पडतो.

मी पुन्हा दारोदार फिरले, या खेपेला अगदी भाबडा चेहरा करून. "उपवासाला तुमच्यात काय काय चालतं हो? मला माहिती नाही, आमच्यात करत नाहीत ना." असं विचारायची खोटी, बायका खुलल्या. आणि काय ते ज्ञान! वनमालाकडं जिरं चालतं, कोथिंबीर चालत नाही. रोहिणी मॅडमकडं कोथिंबीर चालते, पण हिरवी मिरची नको, लाल हवी. एका घरी भेंडी चालते. का चालते ते त्यांनाही माहीत नव्हतं, पण सासूच्या सासूपासून चालते. बटाटा सगळ्यांकडं चालतो. बटाट्याइतकं सर्वमान्य कॉलनीत दुसरं काही नाही. मी इतक्या आस्थेनं विचारतेय हे बघून वनमालाचा चेहरा मायेनं भरून आला. माझा हात धरून म्हणाली, "तू पण धरून बघ गं एखादा मंगळवार. मनाला लई शांत वाटतंय."

मग मी कामाला लागले. सगळ्या घरांचे नियम सांभाळून स्वयंपाक करायचा म्हणजे सरकारी मोजणीपेक्षा अवघड काम. साबुदाणा आदल्या रात्री भिजवला, पाणी बेतानं, दाणा न् दाणा सुटा राहील असा. शेंगदाणे मंद आचेवर भाजले, पाखडले, जाडसर कुटले. खिचडी दोन केल्या, एक हिरव्या मिरचीची आणि एक लाल तिखटाची. भगर तुपात परतून फुलवली. तिच्यासोबत शेंगदाण्याची आमटी, आमसूल आणि गूळ घालून, वर तुपाचा तवंग. रताळ्याच्या चकत्या तुपात तळून गुळाच्या पाकात सोडल्या. राजगिऱ्याच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, काकडीची कोशिंबीर, केळ्याची शिकरण. आणि ज्यांच्याकडं भेंडी चालते त्यांच्यासाठी भेंडीसुद्धा. मीठ सैंधव. पुडी मुद्दाम टेबलावर दिसेल अशी उघडी ठेवली.

आत्या काठी टेकत आत आल्या. ओट्यावर नजर फिरवली.

"हे काय मांडलंय?"

"उपवासाचं, आत्या. आता बघू कसे नाही म्हणतात."

"आज? जयंतीला?"

"आजच तर."

त्यांनी साबुदाण्याचा एक दाणा चिमटीत धरला, बघितला आणि परातीत टाकून दिला. कोपऱ्यात त्यांनी स्वतः रात्री भिजत घातलेलं, खिरीसाठी कांडलेल्या गव्हाचं भगुलं होतं. ते उचलून त्यांनी आपल्या खोलीत नेलं. मला वाटलं, म्हातारीला हरायची भीती वाटतेय.

बाराच्या सुमारास मंडळी आली. शिवशंकररावांनी सकाळीच चौकात जयंतीच्या शुभेच्छांचा फ्लेक्स लावला होता. त्यात त्यांचा स्वतःचा फोटो इतका मोठा की बाबासाहेब त्यांना भेटायला आल्यासारखे दिसत होते. हार घातले गेले. रोहिणी मॅडम समतेवर चार वाक्यं बोलल्या. चांगली बोलल्या. मग सगळ्यांची नजर चपलांकडं वळली.

"चला गं, येतो आम्ही," वनमाला म्हणाली. "तुला माहितीय ना, आज माझा..."

"उपवास!" मी टाळी वाजवली. "माहितीय की! म्हणून तर सगळं उपवासाचंच केलंय. बसा बसा."

आणि मी आतल्या खोलीचं दार उघडलं. ताटं मांडलेली, केळीची पानं, वाट्यांमधून वाफा. त्या क्षणी सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. एकादशीच्या घरी शिवरात्र येते म्हणतात. इथं उलट झालं होतं, शिवरात्रीच्या घरी पंचपक्वान्नं वाढून ठेवली होती. रोहिणी मॅडमनी वनमालाकडं बघितलं, वनमालानं नवऱ्याकडं, आणि शिवशंकररावांनी वर पंख्याकडं.

"जिरं?" कुणीतरी क्षीण आवाजात विचारलं.

"ज्यांना चालतं त्यांच्या ताटात आहे. ज्यांना नाही त्यांच्यात नाही."

"मीठ?"

मी सैंधवाची पुडी उचलून दाखवली.

पुढं विचारण्यासारखं काही उरलं नाही. बसायचं, नाहीतर उपवास खोटा होता असं म्हणायचं, दोनच रस्ते होते. शिवशंकररावांना निवडणूक दिसत असावी. ते पहिले बसले. मग सगळेच बसले.

आणि काय सांगू, जेवले! एकादशी दुप्पट खाशी म्हणतात, यांनी तिप्पट मनावर घेतलं. पहिले दोन घास अवघडून गेले, नंतर हात सुटले. "आमटी वाढा हो जरा." "रताळी कसली झालीत!" शिवशंकररावांनी भगरीत खड्डा करून आमटी ओतली, पुन्हा खड्डा केला, पुन्हा ओतली. रोहिणी मॅडमनी लाल तिखटाची खिचडी संपवून हिरव्या मिरचीची मागितली. त्यांच्याकडं हिरवी मिरची चालत नव्हती ना, पण ते आता जुनं झालं. आणि माझ्यासमोर वनमाला बसली होती. माझ्या ताटात, माझ्या हातची राजगिऱ्याची पुरी शिकरणीत बुडवून खात होती. बोटं चाटत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी आत जाऊन उगीच तूप गरम करत उभी राहिले. विलास मागून येऊन म्हणाला, "जिंकलीस गं." त्यानं जाऊ दे म्हटलं नाही, हेच केवढं होतं.

जाताना वनमालानं दारात मला मिठीच मारली. "सुगरण आहेस गं बाई! उपवासाचं इतकं छान आमच्यात कुणाला जमत न्हाई. आता ठरलं. दरवर्षी चौदा एप्रिलचा फराळ आम्रपालीकडं. होय ना हो?"

सगळे होय होय म्हणाले. मी हसले. 

मी धावत आत्यांच्या खोलीत गेले. "आत्या, बघितलंत? सगळे जेवले! ताटं धुतल्यासारखी आहेत. चला, आता तुम्ही जेवा."

आत्या पलंगावर बसून पिशवीत लुगडी भरत होत्या.

"पैज मी जिंकले आत्या. एक माणूस म्हणाला होतात. इथं अख्खी कॉलनी जेवली."

"त्यांना आज काय होतं?" आत्यांनी विचारलं.

"काय म्हणजे? उपवास."

"मग जेवले कुटं? ज्याला उपास हाय, तो जेवला कसा?"

मी त्यांच्या शेजारी टेकले.

"पोरी, तुला कळंना व्हय? उपासाचं खाल्लेलं त्यांच्यात खाल्लं धरतच न्हाईत. म्हणून बसले. कुनाच्या बी घरचं असू दे, ते अन्न न्हाईच त्यांच्या लेखी. घरी जाऊन म्हनतील, आमी कुटं जेवलो, आमचा तर उपास." त्यांनी पिशवीचं तोंड आवळलं. "ते तुझ्या घरी आलेच न्हाईत. तूच त्यांच्या घरी गेलतीस, आपली परात डोक्यावर घेऊन."

"तसं नाही, आत्या..."

"माझ्या सासऱ्यानं, कचरूबानं, छप्पनच्या दसऱ्यानंतर समद्या गावादेखत एकादशीला पारावर बसून भाकर खाल्ली. दगडं पडली, तरी उठला न्हाई. त्या दिवसापास्नं आपल्या चुलीवर उपासाचं शिजलं न्हाई. आमी उपास लई काढले. देवाचे थोडे, बाकीचे घरात पीठ नव्हतं म्हणून. आन आज, जयंतीच्या दिवशी, त्या मानसाच्या फोटोखाली तू साबुदाना वाढलास." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मी न्हाई खायची. मला उपास न्हाई."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी कॉलनीला कोंडीत पकडायला गेले, आणि कॉलनीनं माझी जयंतीच खाऊन टाकली, वर पुढच्या वर्षीची ऑर्डरही देऊन गेली. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी खाली फरशीवर बसले आणि मोठ्यानं रडले. अख्ख्या कॉलनीत त्या दिवशी माझ्या घरी जेवली नव्हती ती एकच बाई, माझी स्वतःची सासू. दुपार कलली होती, आणि ती सकाळपासून उपाशी होती.

"उठ," आत्या म्हणाल्या. "रडायचं न्हाई म्हनलं होतं. ते गहू शिजाय टाक."

आम्ही दोघींनी मिळून खीर केली. गहू मऊ होईपर्यंत आत्या स्टुलावर बसून ढवळत होत्या. मी गूळ चिरला, खोबरं किसलं, वेलदोडा कुटला. पुरीची कणीक मळली, वांगी चिरली. वासानं घर पुन्हा आपल्या जागेवर आल्यासारखं वाटलं. आत्यांना मी पहिली वाटी दिली, वर तूप सोडून. त्यांनी दोन वाट्या खाल्ल्या. पिशवी मात्र दाराशी तशीच होती.

मला चैन पडेना. मी मोबाईल घेतला आणि कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं. तिथं साबुदाण्याच्या खिचडीचे फोटो आणि जोडलेले हात यांचा पूर आला होता. मी लिहिलं: "मंगळवारचा उपवास संध्याकाळी सुटतो. उपवास सोडायला माझ्याकडं गव्हाची खीर, पुरी आणि वांग्याची भाजी तयार आहे. आमच्या घरी उपवास करत नाहीत, दुपारी मी चुकले. दार उघडं आहे. या."

वाचल्याच्या निळ्या खुणा भराभर उमटल्या. मग ग्रुपवर शांतता पसरली, रात्री लाईट गेल्यावर पसरते तशी. बऱ्याच वेळानं रोहिणी मॅडमचा निरोप आला: "यायची खूप इच्छा होती. पण मिरवणुकीमुळे रस्ते जाम आहेत ना." त्यांचं घर आमच्यापासून तिसरं आहे. मिरवणूक शिवाजी चौकात होती.

दिवेलागणीला वनमाला आली. खरंच आली. माझा जीव भांड्यात पडला. पण ती उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली, चपला न काढता.

"मेसेज काहून टाकलास गं असा?" ती हळू आवाजात म्हणाली. "लोकांना वाईट वाटलं."

"आत ये. खीर गरम आहे."

"आज न्हाई. रात्री पण मी काही घेत न्हाई मंगळवारी."

"वनमाला, दुपारी जेवलीस ना माझ्याकडं?"

"हो की! दोनदा मागून घेतलं."

"मग आता एक चमचा खा. एकच."

 तिचे डोळे भरले होते, मी शपथेवर सांगते. वाईट बाई नाही ती. "तसं नसतं गं," ती म्हणाली. "ते फराळाचं होतं. त्याचं काय धरायचं? हे अन्न हाय. घरात सासूबाई हायेत, उद्या पोरांची लग्नं हायेत. तू समजून घे ना. डब्यात दे, मी घरी नेते."

"आणि छबुबाईला देतेस."

तिनं मान खाली घातली.

"डबा नाही," मी म्हटलं. "डेंग्यूत तू माझ्याजवळ बसलीस, ते मी जन्मभर विसरणार नाही. पण डबा नाही. खायची असेल तर आत येऊन खा. आज नाही तर पुढच्या वर्षी ये. पण पुढच्या वर्षी साबुदाणा मिळायचा नाही."

ती मग "येते" म्हणाली आणि गेली. पलीकडं तिच्या फाटकाची कडी वाजली. मी दार तसंच उघडं ठेवलं आणि समोर खुर्ची टाकून बसले. विलास मिरवणुकीला गेला होता. लांबून ढोलाचा आवाज येत होता. रस्त्यावरून दोन-तीन कॉलनीवाले फिरायला गेले. आमच्या घरासमोरून जाताना त्यांना एकदम मोबाईलवर फार महत्त्वाचं काहीतरी दिसत होतं.

अंधार पडला. खिरीवर पापुद्रा धरला. आत्या खोलीतून बाहेर आल्या आणि माझ्यामागं उभ्या राहिल्या.

"कुनी आलं?"

"नाही, आत्या. तुम्ही जिंकलात. उद्या सकाळी मी तुम्हाला बसवून देते. बीडला गाडी बदलावी लागेल."

 मग वाकून, गुडघ्यावर हात देत, त्यांनी दाराशी ठेवलेली पिशवी उचलली आणि आपल्या खोलीकडं चालू लागल्या.

"आत्या?"

"न्हाई जात मी," त्या वळून न बघता म्हणाल्या. "कुनी जेवलं असतं, तर बिनघोर गेले असते, पैज-बिज गेली उडत. आता कशी जाऊ? तुला एकटीला ह्या असल्या लोकांत टाकून?"

मी खुर्चीवरून उठले.

"आन ते दार लाव आता," आत्या म्हणाल्या. "डास येतेत."